अपवादाचं कलम



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या श्रोत्यांत बसल्या की व्याख्यान संपताच पहिला प्रश्न त्यांचाच असायचा, असं इथल्या जुन्या मंडळींनी मला सांगितलं. ती प्रथा आज मोडू नये. विषयही असा आहे की प्रश्न पडलेच पाहिजेत.

मानसोपचाराची टिंगल करायची झाली तर एक किस्सा हमखास सांगितला जातो. 1974 साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी चक्क मतपत्रिका भरून ठरवलं की समलैंगिकता हा आजार नाही. बाजूने 5,854 मतं, विरुद्ध 3,810. मग सांगणारा विचारतो, मधुमेह कधी मतदानाने ठरलाय का हो? आणि हसतो. या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो, जवळजवळ तसाच ठरलाय’ असं आहे. 1997 पर्यंत उपाशीपोटी रक्तातली साखर 140 च्या वर गेली तर मधुमेह म्हणत. त्या वर्षी अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने ती रेघ 126 वर आणली. आदल्या दिवशी 130 साखर असलेला माणूस निरोगी झोपला आणि सकाळी मधुमेही म्हणून उठला. त्याच्या रक्तात काहीच बदललं नव्हतं, रेघ सरकली होती.

फरक आहे तो इथून पुढे. साखरेला आकडा असतो, म्हणून रेघ आकड्यावर मारता येते. दुःख, भीती, भ्रम यांना मोजपट्टी नाही. रक्ततपासणी नाही, एक्स-रे नाही. त्यामुळे आमच्या शास्त्रात रेघ वाक्यांनी मारावी लागते: ही लक्षणं, इतकी, इतके दिवस, आणि शेवटी एक ‘परंतु’. अमुक परिस्थिती असेल तर हे निदान करू नये. कायद्याच्या कलमाखाली ‘परंतु’ने सुरू होणारं वाक्य असतं, तसंच. लक्षणांच्या यादीवर तज्ज्ञांचं फारसं भांडण होत नाही. उदास माणूस कसा दिसतो, याबद्दल मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये मोठे मतभेद नाहीत. गेल्या पन्नास वर्षांतली मोठी भांडणं या शेवटच्या वाक्यावर झाली. आज मला त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी पुस्तकांची ओळख थोडक्यात करून देतो. जगात दोन पुस्तकं चालतात. एक अमेरिकन सायकिएट्रिक असोसिएशनचं, डीएसएम. पहिली आवृत्ती 1952 ची, सध्या पाचव्या आवृत्तीचं 2022 चं सुधारित रूप वापरात आहे. दुसरं जागतिक आरोग्य संघटनेचं, आयसीडी. त्यात पटकीपासून मोतीबिंदूपर्यंत सगळेच आजार असतात आणि मनोविकारांचं एक प्रकरण असतं. त्याची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये सदस्य देशांनी स्वीकारली आणि 2022 पासून लागू झाली. आपल्याकडे विद्यार्थी दोन्ही वाचतात, पण कायद्यात नाव आहे ते आयसीडीचं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात मानसिक आजार कसा ठरवायचा ते सांगितलं आहे आणि तिथे आयसीडीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जिनिव्हात एक वाक्य बदललं तर त्याचा परिणाम आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या केसपेपरपर्यंत पोचतो. न्यायालयापर्यंत आणि विमा कंपनीपर्यंतही.

आता त्या मतदानाकडे परत जाऊ, कारण किश्शात जे सांगितलं जातं ते अर्धंच आहे.

समलैंगिकता डीएसएमच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत विकार म्हणून नोंदलेली होती. 1957 साली एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा पण धाडसी अभ्यास केला. 30 समलैंगिक आणि 30 भिन्नलैंगिक पुरुष घेतले. एकही मनोरुग्णालयातला किंवा तुरुंगातला नाही, सगळे रोजचं आयुष्य जगणारे. त्यांना शाईच्या डागांची चाचणी आणि तशा इतर चाचण्या दिल्या, आणि नावं झाकून निकाल नामवंत तज्ज्ञांसमोर ठेवले. कोण समलैंगिक आणि कोण नाही, हे त्या तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. तोवरचं सगळं ज्ञान उपचारासाठी आलेल्या माणसांवरून बेतलेलं होतं. दवाखान्यातच बसून जग पाहिलं तर सगळं जग आजारी दिसणारच.

पण त्या अभ्यासानंतर पुस्तक बदलायला सोळा वर्षं लागली, आणि ती नुसत्या शोधनिबंधांनी भरून निघाली नाहीत. 1970 पासून कार्यकर्ते असोसिएशनच्या अधिवेशनांत घुसून घोषणा देऊ लागले. 1972 च्या डॅलसच्या अधिवेशनात व्यासपीठावर एक वक्ता रबरी मुखवटा, केसांचा टोप आणि ढगळ सूट घालून आला, आवाज बदलणाऱ्या माईकवरून बोलला. ‘डॉ. एच. अनामिक’ एवढीच त्याची ओळख. तो स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता आणि समलैंगिक होता. नाव जाहीर झालं तर नोकरी जाईल अशी भीती होती. ते डॉ. जॉन फ्रायर होते, हे त्यांनी स्वतः 1994 मध्ये उघड सांगितलं.

या धामधुमीत रॉबर्ट स्पिट्झर नावाचा एक तरुण तज्ज्ञ मध्ये पडला. त्याने प्रश्न उलटा करून मांडला. समलैंगिकता ‘नॉर्मल’ आहे का, हे विचारूच नका. आधी सांगा, विकार कशाला म्हणायचं? त्याचं उत्तर असं होतं: ज्याने माणसाला स्वतःला क्लेश होतात किंवा त्याचं जगणं, काम, नाती यांत ठळक अडथळा येतो, तो विकार. या व्याख्येत समलैंगिकता बसत नव्हती. 15 डिसेंबर 1973 ला विश्वस्तांनी तो शब्द काढायचा निर्णय घेतला. मतदान झालं ते नंतर, आणि तेही निर्णयाला विरोध करणाऱ्या मनोविश्लेषक मंडळींनी मागणी केली म्हणून! किश्शात हा भाग गाळला जातो. मतपेटी आणली ती जुनं निदान टिकवू पाहणाऱ्यांनी. आणि स्पिट्झरची ती व्याख्या, एका वादातून सुटका म्हणून काढलेली, पुढे सगळ्याच मनोविकारांची व्याख्या होऊन बसली. ‘ठळक क्लेश किंवा जगण्यात अडथळा’ हे शब्द आज आमच्या जवळजवळ प्रत्येक निदानाखाली असतात.

पण विकार गेला तरी वाक्य राहिलं. तडजोड म्हणून एक नवं निदान आत आलं: स्वतःच्या लैंगिक कलाचा ज्याला त्रास होतो, त्याच्यासाठी. 1980 मध्ये त्याचं नाव बदललं, 1987 मध्ये तेही काढलं, तरी ‘इतर’ या सदरात लैंगिक कलाविषयी तीव्र क्लेश अशी एक ओळ 2013 पर्यंत तग धरून होती. आयसीडीने 1990 साली समलैंगिकता वगळली, पण तिच्याही दहाव्या आवृत्तीत असंच एक निदान मागे राहिलं आणि अकराव्या आवृत्तीत गेलं. हा त्रास कुठून येतो? घरचे मारतात, लग्नाची घाई करतात, शेजारी कुजबुजतात, तिथून येतो. त्रास समाजाचा आणि निदान मात्र त्या माणसाच्या केसपेपरवर! दार बंद करून खिडकी उघडी ठेवावी असा हा प्रकार होता, आणि त्या खिडकीतून ‘कल बदलून देतो’ म्हणणारे उपचारक आत येत राहिले. खुद्द स्पिट्झरनेही 2003 मध्ये असा बदल काहींच्या बाबतीत शक्य आहे असा अभ्यास छापला, आणि 2012 मध्ये तो चुकीचा होता म्हणून समलैंगिक समाजाची जाहीर माफी मागितली. वयाच्या ऐंशीत, आजारी असताना. मला तो माणूस त्या माफीमुळे जास्त मोठा वाटतो.

आपल्याकडे ही खिडकी कायद्याने बंद केली. 2017 च्या कायद्याच्या त्याच तिसऱ्या कलमात लिहिलं आहे की एखाद्याची नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मूल्यं भोवतालच्यांशी जुळत नाहीत, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बाबत निकाल दिला, तेव्हा न्या. नरिमन यांनी याच कायद्याचा आधार घेतला. डीएसएममधली जी खिडकी बंद करायला अमेरिकेला चाळीस वर्षं लागली, ती आपल्या संसदेने एका पोटकलमात बंद करून टाकली. याचं श्रेय आपण स्वतःला फारसं देत नाही.

स्पिट्झर यांना पुढे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम मिळालं. त्या काळी आमच्या शास्त्राची अब्रू पणाला लागली होती. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच रुग्णाच्या मुलाखतीची चित्रफीत अमेरिकी आणि ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांना दाखवली. स्किझोफ्रेनिया, असं 69 टक्के अमेरिकनांनी म्हटलं आणि फक्त 2 टक्के ब्रिटिशांनी. त्याच माणसाने विमानात बसून अटलांटिक ओलांडला तर तो बरा होईल, असा त्याचा अर्थ. 1973 मध्ये डेव्हिड रोझनहॅन यांनी, ‘आवाज ऐकू येतात’ अशी खोटी तक्रार घेऊन आठ धडधाकट माणसं मनोरुग्णालयांत दाखल झाली, असा निबंध छापून खळबळ उडवली. तो निबंध आता स्वतःच संशयाच्या भोवऱ्यात आहे. सुझाना कॅहलन या पत्रकार बाईंनी 2019 मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टी जुळत नाहीत हे दाखवलं. पण तेव्हा त्याचा घाव बसला तो बसलाच.

उपाय म्हणून 1980 च्या डीएसएममध्ये प्रत्येक विकाराला निकषांची यादी आली. आजही नैराश्यासाठी नऊपैकी पाच लक्षणं दोन आठवडे असावी लागतात. पाचच का, चार किंवा सहा का नाहीत, याचं उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. उद्देश एवढाच होता की दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला एकच नाव द्यावं. ते तरी साधलं का? पाचव्या आवृत्तीच्या आधी अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांत चाचणी घेतली. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासायचं आणि निदान किती जुळतं ते पाहायचं. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. आघातानंतरच्या तणाव-विकाराचा आकडा 0.67 आला, चांगला. स्किझोफ्रेनिया 0.46. आणि नैराश्य, ज्याच्या गोळ्या सगळ्यात जास्त लिहिल्या जातात, त्याचा आकडा 0.28. ही गोष्ट माझ्या व्यवसायाला अभिमानाची नाही.

नवा विकार पुस्तकात शिरतो कसा, हे पाहायचं तर याच आघातानंतरच्या विकाराची, म्हणजे पीटीएसडीची कथा बघावी. 1952 च्या पहिल्या आवृत्तीत युद्धातल्या सैनिकांसाठी अशा प्रकारचं एक निदान होतं. 1968 च्या आवृत्तीत ते नाहीसं झालं, आणि तेही व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात असताना. परतलेले सैनिक रात्री दचकून उठत, दारू पीत, बायकांना मारत, आणि सरकारी दवाखान्यात त्यांच्यासाठी नाव नव्हतं. नाव नाही म्हणून भरपाई नाही. न्यूयॉर्कमध्ये चेम शॅटन आणि रॉबर्ट लिफ्टन या तज्ज्ञांनी त्यांच्यासोबत गटाने बसून बोलायला सुरुवात केली. त्यांना लवकरच उमगलं की फक्त सैनिकांसाठी मागितलं तर मिळणार नाही. मग नाझी छळछावण्यांतून वाचलेले, बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या स्त्रिया, आगीत होरपळलेले रुग्ण, या सगळ्यांवर काम करणाऱ्यांची मोट बांधली गेली. डीएसएमच्या संबंधित समितीच्या प्रमुख नॅन्सी अँड्रियासन यांनी भाजलेल्या रुग्णांवर काम केलेलं होतं. त्या पटल्या आणि 1980 ला निदान आलं.

त्याला एक अट होती. प्रसंग सर्वसामान्य मानवी अनुभवाच्या पलीकडचा असला पाहिजे. वाचायला वाजवी वाटतं. पण स्त्रियांसोबत काम करणाऱ्या डॉक्टर बायका विचारू लागल्या की बलात्कार, नवऱ्याची मारहाण या गोष्टी सर्वसामान्य अनुभवाच्या पलीकडे आहेत, असं तुम्हाला कोणी सांगितलं? त्या तर रोज घडतात. रोज घडतं म्हणून आघात होत नाही? 1994 मध्ये ती अट बदलली. तिच्या जागी आलेली अट अशी की त्या क्षणी तीव्र भीती किंवा असहायता वाटलेली असली पाहिजे. मग प्रशिक्षित सैनिक आणि अग्निशामक दलाचे लोक अडकले, कारण त्या क्षणी त्यांना काहीच वाटत नाही, ते काम करत असतात. वाटतं ते नंतर. 2013 मध्ये तीही अट गेली.

आपला या कथेशी संबंध येतो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. लातूरच्या भूकंपातून वाचलेल्या माणसांचा मानसिक अभ्यास 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रमुख मनोविकारविषयक नियतकालिकात छापून आला. पीटीएसडी आणि नैराश्य हीच त्यात प्रमुख निदानं होती. भूकंपाच्या तेरा वर्षं आधी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी ते नाव ओढून आणलं नसतं, तर किल्लारीच्या माणसाची झोपमोड कशात मोजायची, हा प्रश्न होता.

सगळेच विकार असे वाजतगाजत येत नाहीत. काही वर्षानुवर्षं पुस्तकाच्या परिशिष्टात, ‘अधिक अभ्यास हवा’ या मथळ्याखाली थांबून असतात. आरएसीचं तिकीट असावं तसं: गाडीत चढला आहात, बर्थ मिळेलच असं नाही. मासिक पाळीपूर्वीचा तीव्र मनःस्ताप 1987 मध्ये तिथे बसला आणि 2013 मध्ये त्याला जागा मिळाली. त्याच 1987 च्या परिशिष्टात स्वतःच स्वतःचं नुकसान करून घेणारं व्यक्तिमत्त्व असंही एक निदान होतं. स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला. मार खाऊनही नवऱ्याला न सोडणाऱ्या बाईला तुम्ही वेड्यांत काढणार का, असा त्यांचा सवाल होता. 1994 मध्ये त्याचं तिकीट रद्द झालं. गेमिंगच्या व्यसनाला आयसीडीने जागा दिली आहे, डीएसएमने अजून नाही.

आता आजच्या माझ्या मुख्य गोष्टीकडे येतो, ती शोकाची.

1980 च्या डीएसएमने नैराश्याचे निकष ठरवले तेव्हा एक अडचण आली. सेंट लुईसमध्ये पॉला क्लेटन या तज्ज्ञ बाईंनी नुकत्याच विधवा किंवा विधुर झालेल्यांशी बोलून नोंदी केल्या होत्या. पहिल्या महिन्यात त्यांतले बरेच जण नैराश्याच्या निकषांत बसत होते. झोप नाही, भूक नाही, रडू थांबत नाही, कशात मन नाही. त्यांना आजारी म्हणायचं का? कोणाचीच तयारी नव्हती. म्हणून अपवाद लिहिला गेला: जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरची ही अवस्था आजार धरू नये. 1994 मध्ये त्याला मुदत आली, दोन महिने. त्यातही आत्महत्येचे विचार किंवा आपण कवडीमोल आहोत अशी भावना असेल तर अपवाद लागू नाही.

2013 च्या आवृत्तीच्या वेळी काही संशोधकांनी विचारलं, हा अपवाद फक्त मृत्यूलाच का? घटस्फोट झाला, नोकरी गेली, घर जळलं, तरी हीच लक्षणं येतात आणि तेव्हा आपण नैराश्य म्हणतो. मृत्यूनंतरचं नैराश्य त्याहून वेगळं दिसत नाही, औषधाला तसाच प्रतिसाद देतं. मग अपवाद काढा. जेरोम वेकफिल्ड यांनी याच पुराव्यावरून नेमकं उलट सांगितलं: वेगळं दिसत नाही ना, मग अपवाद बाकीच्या दुःखांनाही द्या. पुरावा तोच होता आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध होते. इथे संशोधन संपतं. पुढे प्रश्न उरतो तो कुठल्या चुकीची जास्त भीती वाटते याचा. आत्महत्येच्या उंबरठ्यावरची विधवा ‘दुःखच आहे, होईल बरी’ म्हणून घरी पाठवली जाईल याची, की साध्या दुःखी माणसाच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी पडेल याची?

वाद पेटला. मागच्या आवृत्तीचे प्रमुख अॅलन फ्रान्सिस स्वतःच नव्या आवृत्तीवर तुटून पडले. आर्थर क्लाइनमन हे हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्या पत्नीच्या मृत्यूनंतरच्या महिन्यांबद्दल लिहिलं. मार्च 2011 मध्ये त्या गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं की शोक किती काळ करावा, यावर जगातल्या संस्कृतींचं एकमत नाही आणि शास्त्राकडे त्यासाठी कुठली निर्णायक मोजपट्टी नाही. तरीही 2013 मध्ये अपवाद गेला. त्याजागी डॉक्टरने तारतम्य वापरावं, अशी एक टीप आली. माझ्या मते अपवाद काढणं बरोबर होतं. पण टीप लिहिणाऱ्यांना गर्दीच्या ओपीडीत तारतम्याला किती मिनिटं मिळतात याची कल्पना नव्हती.

आणि गंमत पाहा. एका दारातून शोकाचा अपवाद बाहेर गेला, तर दुसऱ्या दारातून शोक स्वतःच विकार होऊन आत आला. दीर्घकाळ चालणारा शोक हे निदान 2013 मध्ये वेगळ्या नावाने परिशिष्टात होतं. अकराव्या आयसीडीने ते स्वीकारलं, आणि मार्च 2022 मध्ये डीएसएमने. हॉली प्रिगरसन आणि कॅथरीन शिअर यांची अनेक वर्षांची मेहनत त्यामागे आहे. त्यांचा दावा असा की हे नैराश्य नाही. नैराश्यात कशाचीच ओढ उरत नाही. इथे ओढ असते, प्रचंड असते, आणि ती फक्त गेलेल्या माणसाची असते. नैराश्याच्या गोळ्यांनी ती ओढ फारशी कमी होत नाही. त्यासाठी खास बेतलेली बोलण्याची उपचारपद्धती आहे आणि तिचा उपयोग होतो, हे चांगल्या चाचण्यांत दिसलं आहे. मला हा दावा पटतो. मुलगा गेल्यावर कित्येक वर्षं त्याच्या शाळेच्या वेळेला डबा भरणारी आई मी पाहिली आहे. ती उदास नव्हती. वाट पाहत होती.

निकष आता ऐका. शोक करणारा मोठा माणूस असेल तर मृत्यूला किमान 12 महिने झालेले हवेत, मूल असेल तर सहा. आयसीडी सगळ्यांसाठीच किमान सहा महिने म्हणते. जवळजवळ रोज तीव्र ओढ किंवा त्याच माणसाचे विचार. शिवाय आठपैकी तीन लक्षणं: आपलाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, मृत्यूवर विश्वास न बसणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, बधिरपणा, एकटेपणा, जगण्यात अर्थ न उरणं आणि अशीच आणखी दोन. शेवटी ते वाक्य येतं. हा शोक त्या माणसाच्या सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक रीतीत अपेक्षित असलेल्या मर्यादेच्या स्पष्टपणे बाहेर गेलेला असावा.

हे वाक्य चांगल्या हेतूने आलं आहे. क्लाइनमन यांच्यासारख्यांच्या आक्षेपाला दिलेलं उत्तरच आहे ते. आपल्या देशाला अशा वाक्यांचा फायदाही झाला आहे. अचानक सुरू होऊन काही आठवड्यांत पूर्ण बरे होणारे तीव्र मनोविकार भारतीय रुग्णालयांत नेहमीच दिसत. युरोपच्या चौकटीत ते ना स्किझोफ्रेनियात बसत ना उन्मादात. डॉ. नरेंद्रनाथ विग यांच्यासारख्या भारतीय तज्ज्ञांनी 1960 च्या दशकापासून त्यांची वेगळी नोंद मागितली, आणि दहाव्या आयसीडीत त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. अंगात येण्याबद्दलही तसंच. आयसीडी म्हणते, नकळत, नकोसं असताना आणि समाजमान्य धार्मिक प्रसंगाच्या बाहेर येत असेल तरच विकार. म्हणून जत्रेत, गोंधळात, जागरात घुमणारी बाई रुग्ण ठरत नाही. तिच्या अंगात येण्याचा वापर करून लोकांना धमकावणारा मात्र 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सापडू शकतो. अंगात येण्याबद्दल एकाच राज्यात तीन पुस्तकं तीन प्रश्न विचारतात: वैद्यकाचं, कायद्याचं आणि गुरवाचं.

पण शोकाच्या बाबतीत ‘अपेक्षित रीत’ म्हणजे कोणाची रीत? आपल्याकडे दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. वर्ष झालं की घरात मंगलकार्य करायला मोकळीक. अमेरिकन समितीचे 12 महिने आपल्या पंचांगाशी जुळले हा योगायोग. पण ही मोकळीक घराला मिळते, विधवेला मिळत नाही. तिच्या कपाळावरून कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जोडवी काढली, की ते वर्षाने परत मिळत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबतं ते कायमचं. तिचा शोक कधी संपावा याला आपल्या रीतीत मुदतच नाही. उलट लवकर सावरली तर नावं ठेवणारे आहेत. अशा बाईचा शोक रीतीच्या बाहेर गेला, हे ठरवायचं कसं? तिची रीतच तिला जन्मभर शोक करायला सांगते.

आता तारखा पाहा. डीएसएमची सुधारित आवृत्ती आली मार्च 2022 मध्ये. दोन महिन्यांनी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला: गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. कोविडच्या लाटांत तरुण बायका विधवा झाल्या होत्या, त्यानंतरची ही गोष्ट. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरणीय असल्याचं कळवलं. हेरवाडकरांच्या समोर डीएसएम नव्हतं आणि अमेरिकेतल्या समितीला हेरवाड ठाऊक नव्हतं. पण दोघांनी एकाच वाक्याला हात घातला होता. समितीने लिहिलं की शोक रीतीशी ताडून पाहा. ग्रामसभेने ती रीतच बदलली. यापैकी कोणाचं काम जास्त अवघड होतं, याबद्दल माझं मत आहे, आणि ते अमेरिकेतल्या समितीच्या बाजूने नाही.

समलैंगिकतेच्या बाबतीत समाजाने दिलेला क्लेश विकारात मोजला गेला. इथे धोका उलटा आहे. समाजाने लादलेला शोक रीत म्हणून मोजला जाईल आणि जिला खरोखर मदत हवी आहे तिला ‘आमच्यात असंच असतं’ म्हणून परत पाठवलं जाईल.

विद्यार्थी मला विचारतात, सर, हे शेवटचं वाक्य ओपीडीत भरायचं कसं? आठपैकी तीन मोजता येतात, 12 महिने मोजता येतात, रीत कोणाला विचारायची? बाईला दवाखान्यात आणतात ते सासरे किंवा दीर, आणि बोलतातही तेच. कधी म्हणतात, वर्ष झालं तरी कामाला लागत नाही. कधी म्हणतात, वर्ष झालं नाही तोवर हसायला लागली, डोक्यावर परिणाम झालाय. दोन्ही वाक्यांत रीत आहे. पहिलं वाक्य मी लिहून घेतो, दुसरंही लिहून घेतो, आणि कोण म्हणालं ते समोर लिहितो. मग त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगतो आणि तिला विचारतो की तुझ्या आईच्या घरी कोणी गेलं होतं तेव्हा काय करत होते, किती दिवस, आणि त्यातलं तुला काय करावंसं वाटतं. पुष्कळदा ती आधी दाराकडे बघते, दार लागलंय ना ते पाहते, आणि मग बोलते.